चिमूट

तिसऱ्या फादरांनाही आईनं भिंतीकडे तोंड फिरवून परत पाठवलं, तेव्हा थोरल्या लेकीनं कपाळावर हात मारून घेतला.

पहिले आले ते मोठ्या चर्चचे. फादर होतानाची त्यांची गुरुदीक्षा नव्या विधीनं झालेली, म्हणजे आईच्या लेखी ते फादर नव्हेत, नुसतेच सज्जन गृहस्थ. दुसरे आईच्याच गटाचे, मिस्सा म्हणजे उपासना जुन्या लॅटिन रीतीनंच करणारे. पण त्यांना दीक्षा देणाऱ्या बिशपांना पोपची परवानगी नव्हती. त्यावरून गट फुटला, सख्ख्या जावा एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. तिसरे त्या फुटून निघालेल्या गटाचे. ते तर हल्लीच्या पोपलाच मानत नाहीत. आईनं विचारलं, "मग तुम्हाला पाठवलं कुणी?"

शेवटी जाताना फादर चिडून म्हणाले, "बाई, मरणाच्या दारात चर्चसुद्धा नियम बाजूला ठेवतं. ज्याचे सगळे अधिकार काढून घेतलेत, असा फादरही त्या घडीला पापक्षमा देऊ शकतो. मग माझंच काय वावडं?"

"दार आलं की बघू," आई म्हणाली.

असली ही बाई. थोरलीला रडू येत होतं आणि रागही. आईच्या मनावर कसलं तरी जुनं ओझं होतं, एवढं तिला कळत होतं. मिस्साला आई पहिल्या बाकावर बसायची, पण कम्युनियन, म्हणजे अर्पण केलेली भाकर, घ्यायला कधी उठली नाही. विचारलं तर म्हणायची, "माझं पापनिवेदन व्हायचंय अजून." फादरांपुढे पापांची ती कबुली न होताच आई गेली तर? या विचारानं थोरली एकामागून एक फादर बोलावत होती.

फादर पारखायची आईची रीतही न्यारी. जुन्या मिस्सात भाकर अर्पण झाली की फादरांनी अंगठा आणि तर्जनी जुळवून ठेवायची, बोटं धुवेपर्यंत सोडायची नाहीत. भाकर आता ख्रिस्तशरीर, तिचा कण सांडायला नको. पान उलटायचं तर उरलेल्या बोटांनी. गटातल्या फादरांनी एकदा चुकून त्याच बोटांनी चष्मा सावरला, आणि ते आईच्या मनातून उतरले ते कायमचे.

बाबांना या कशाशी देणंघेणं नव्हतं. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. मिस्सा एका दुकानावरच्या हॉलमध्ये व्हायची. बाबा आईला जिना चढवून आणायचे आणि दारापाशीच उभे राहायचे. गटातले लोक त्यांना अश्रद्ध म्हणायचे, तेही ऐकून घ्यायचे. आत घंटा वाजली, सगळा हॉल श्वास रोखून गुडघ्यावर आला, की बाबांचा अंगठा नि तर्जनी आपसूक जुळायची. मिस्सा संपत आली की सुटायची. "बाबांच्या चिमटीत स्क्रू अडकलाय," असं म्हणून पोरं खिदळायची. आई मात्र कधी हसली नाही.

दुपारी डॉक्टर आले. नाडी धरून बसले, मग थोरलीला बाहेर यायची खूण केली.

"इथंच सांगा," आई म्हणाली. "माझं आता खरंच संपत आलंय ना? उगीच धीर देऊ नका."

डॉक्टर चाचरले. लोक त्यांना नेमकं उलट विचारतात. "आता काही तास," ते हळूच म्हणाले.

आईचा चेहरा उजळला. अक्षरशः उजळला. मरणाची बातमी ऐकून इतकं सुखावलेलं माणूस थोरलीनं पाहिलं नव्हतं.

"यांना बोलव," आई म्हणाली.

म्हणजे फादरांचा नाद सोडला एकदाचा, थोरलीला वाटलं. आता नवऱ्याचा निरोप घ्यायचा.

बाबा खिडकीशी एका घड्याळावर वाकले होते. तिचा निरोप ऐकून त्यांनी ते बाजूला ठेवलं. मोरीत जाऊन हात धुतले, एकेक बोट चोळून. मग टेबलाच्या खणातून भिंग काढलं आणि त्याला गुंडाळलेली जांभळी पट्टी सोडवली. लहानपणी थोरलीनं ती धुवायला टाकली म्हणून तिला बाबांच्या हातची आयुष्यातली एकमेव चपराक बसली होती. आता या वेळी ती कशाला, हे तिला समजेना.

ते आईच्या उशाशी जाऊन बसले. आईनं थोरलीला बाहेर जायला सांगितलं.

दार ओढून घेताना थोरलीनं फटीतून पाहिलं. बाबांनी पट्टी दोन्ही हातांवर उलगडली, तिच्या मध्यावरचा पुसट क्रूस ओठांना लावला आणि पापनिवेदन ऐकताना फादर घालतात तशी पट्टी गळ्यात घातली. खोलीत इतकी शांतता पसरली, की थोरली होती तिथंच गुडघ्यावर आली. का ते तिचं तिलाही कळलं नाही.

जन्मभर बाबांना 'अहो' म्हणत आलेल्या आईनं हात जोडले.

"आशीर्वाद द्या, फादर," ती म्हणाली. "मी पाप केलं आहे."