प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे

आमच्या मैदानावर वर्षातून एकदा आनंदमेळा लागतो. यंदा सगळे मिळून गेलो आणि तासाभरात माझे सासरे हरवले.

लगेच कर्ण्यावरून एका बाईंचा आवाज आला, "चौकड्यांच्या शर्टातले एक आजोबा सापडले आहेत. घरच्यांनी तंबूत येऊन घेऊन जावं."

नवऱ्याने त्यांना हाताला धरून आणलं. आरसेमहाल बघून बाहेर येतो तर बाबा पुन्हा गायब, आणि पुन्हा तीच घोषणा.

या वेळी मी गेले. माइकवरच्या बाईंचा घसा पार बसला होता. "तुमचे सासरे हरवलेले नाहीत हो," त्या कशाबशा बोलल्या. "इथे बसून माझ्या घोषणांतल्या चुका काढतात."

काढणारच. तीस वर्षं रेल्वे स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा केलेला माणूस तो. निवृत्त झाल्यापासून घरात त्यांचं एक वाक्य कुणी पुरतं ऐकून घेत नाही. मीसुद्धा नाही.

"बाबा, आता माझा हात सोडायचा नाही," मी दटावलं. त्यांनी मुकाट्याने मान हलवली. आकाशपाळण्याची तिकिटं काढायला मीच क्षणभर हात सोडला, तेवढ्यात स्वारी पसार.

दहा मिनिटांनी कर्णा पुन्हा खरखरला. आता आवाज चांगलाच ओळखीचा होता.



"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. चौकड्यांच्या शर्टातले आजोबा सापडले आहेत. त्यांच्या घरच्यांनी न्यायला येऊ नये. ते कामावर आहेत."