रिबन बांधलेली खुर्ची

"उभं नका ठेवू हिला, व्हीलचेअरमध्ये बसवा," फोटोग्राफर म्हणाला. "उभ्या पोरीच्या फोटोत साहेबांनी काय दान दिलं ते कसं कळणार?"

माझी शर्वी आज पहिल्यांदाच वॉकर धरून, माझ्या हाताशिवाय उभी होती. वर्षभर तिच्या पायांवर मेहनत घेणाऱ्या थेरपीच्या ताईंकडे मी पाहिलं. माझ्याकडे न बघता त्यांनीच तिचे खांदे धरून तिला खाली बसवलं.

"ताई, मी पडत नव्हते," शर्वी म्हणाली.

किळस आली मला. त्या रिबन बांधलेल्या खुर्चीची, हार घालून हसणाऱ्या साहेबांची, आणि सगळ्यात जास्त ताईंच्या त्या मऊ हातांची.

मी शर्वीला पुन्हा उभं केलं आणि रिकामी खुर्ची साहेबांच्या गुडघ्यांपर्यंत ढकलली.

"फोटोत कुणीतरी बसलेलं पाहिजे ना? मग बसा तुम्ही."