मार्फा येफिमोव्ना

आमच्या काउंटेसबाईंना गाण्याचं भारी वेड. हवेलीतच थिएटर बांधलंय, आणि त्यात गाणारे आम्ही सगळे त्यांच्या मालकीचे. मार्फाची मार्फका, स्तेपानचा स्तेपका. कुत्र्याला हाकारावं तशी आमची नावं.

त्या दिवशी मार्फका अशी गायली की पाहुणे आलेले गव्हर्नरसाहेबही डोळे पुसायला लागले. बाईंना तर भरूनच आलं. खुर्चीतून उठून म्हणाल्या, "आजपासून हिला मी गुलामीतून मोकळं केलं! आणि खबरदार कुणी मार्फका म्हणाल तर. मार्फा येफिमोव्ना म्हणायचं!"

बापाचं नाव जोडून हाक मारायची ती मानाच्या माणसांना. आम्हाला कोण मारतंय तशी हाक? टाळ्या थांबेनात.

"काय हो तुमचं मन मोठं!" गव्हर्नर म्हणाले.

मोठं मन म्हणे!

मार्फा मात्र तशीच ताठ उभी. बाई चिडल्या. "अगं, वाक की जरा! आणखी काय हवंय तुला?"

"बाईसाहेब, येफिमचं काय?"

"कोण येफिम?"

"माझा बाप. आत्ता मानानं ज्याचं नाव मला लावलंत, तो."

बाईंचा चेहरा लालबुंद झाला. "बघितलंत, गव्हर्नरसाहेब? डोक्यावर बसवलं, तर मिरे वाटायला लागली!"

मग त्या धपकन खुर्चीत बसल्या आणि मागे वळूनही न बघता खेकसल्या, "येफिमका, शाल घाल माझ्या खांद्यावर!"