टाकीतलं पाणी

"पुन्हा पाणी!" तिनं बाटली उजेडात धरली. वर पिवळसर पेट्रोल आणि तळाशी बोटभर जाडीचा वेगळा थर.

वडील गॅरेजच्या दारात स्टुलावर बसले होते. कालच चढणीवर त्यांचा जुना, पेट्रोलवर चालणारा ट्रक बंद पडला होता आणि फरशांच्या ओझ्यासकट मागे घसरला होता. मागे दरी होती. चाकाखाली धोंडा आला म्हणून थोडक्यात निभावलं.

"हे इथेनॉलचं पेट्रोल माझ्या म्हातारीला पचत नाही, मी सांगतोय ना," वडील म्हणाले. "चार लाख किलोमीटर पळाली, कधी रुसली नाही. आता रोजचे नखरे!"

त्यांचं अगदीच चूक नव्हतं. इथेनॉलनं जुने रबरी पाइप खराब होतात, टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सुटतो आणि फिल्टरमध्ये जाऊन बसतो, इंजिनही जास्त तापतं. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी फार झालं की दोन्ही मिळून तळाशी बसतात. तिनं पाइप बदलले, फिल्टर बदलला, कार्ब्युरेटर खोलून साफ केला. ट्रक तरीही तापत होता आणि बंदही पडत होता.

पाणी येतंय कुठून, हेच कळेना. बापलेक पेट्रोल पंपावर गेले. वडिलांनी पोचल्या पोचल्या आवाज चढवला.

पंपवाल्यानं शांतपणे स्वच्छ बाटलीत पेट्रोल भरून दाखवलं. तळाशी काही नाही. "काका, परवाही तुम्ही येऊन भांडलात. परवाही मी हेच दाखवलं."

"परवा? परवा मी खिंडीपलीकडे होतो! खोटं बोलायलाही काही मर्यादा असते."

तिनं वडिलांना हाताला धरून बाहेर आणलं. चोराच्या उलट्या बोंबा, असं तिच्या मनात आलं. पण पेट्रोल चोख होतं, ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणजे पाणी टाकीतच कुणीतरी घालत होतं.

तिनं टाकी रिकामी केली, नवं पेट्रोल भरलं आणि कुलपाचं झाकण बसवलं. किल्ली एकच. ती वडिलांनी दोऱ्यात ओवून गळ्यात घातली.

दोन दिवसांत पुन्हा पाणी निघालं.

आता तिचा संशय लंबूवर गेला. शेजारच्याच मोकळ्या जागेत त्याचा नवा टेम्पो उभा असायचा आणि फरशांच्या फेऱ्यांवर त्याचा डोळा होता. बनावट किल्ली करून घ्यायला असा किती वेळ लागतो? तिनं त्याला चहाच्या टपरीवर गाठलं.

"बाबांच्या गाडीजवळ दिसलास तर याद राख."

लंबूनं कप खाली ठेवला. "ताई, एक सांगू? काकांना आता गाडी देऊ नकोस."

"म्हणजे फेऱ्या तुला मिळतील, होय ना?"

तो काहीतरी बोलणार होता, पण आजूबाजूची माणसं बघत होती. त्यानं मान खाली घातली आणि निघून गेला. तिची खात्रीच पटली.

संध्याकाळी तिनं वडिलांना सांगितलं, "उद्या पहाटे मी गाडीवर नजर ठेवते. त्याला रंगेहाथ पकडल्याशिवाय तुम्ही चढणीला जायचं नाही. दर वेळी धोंडा आडवा येत नसतो."

"पकडच त्याला!" वडिलांना चेव आला. "तू फक्त हाक मार. हातपाय मोडून ठेवतो."

उजाडायच्या सुमाराला ती टायरच्या ढिगामागे दबा धरून बसली. हातात मोठा पाना. थंडीनं बोटं बधिर झाली होती. एवढ्यात खडीवर पावलं वाजली. तिनं पाना घट्ट धरला आणि श्वास रोखला.

धुक्यातून वडील आले. हातात पाण्याचा मग. तिचा जीव भांड्यात पडला. गाडी सुरू करण्याआधी रेडिएटरला पाणी पाजायचं, ही त्यांची चाळीस वर्षांची सवय. चोर बिचकेल म्हणून ती गप्प राहिली.

त्यांनी बॉनेटवर मायेनं थाप मारली, पण बॉनेट उघडलं नाही. गाडीला वळसा घालून ते बाजूला आले, गळ्यातली किल्ली काढली आणि पेट्रोलच्या टाकीचं कुलूप उघडलं. "पी बाई, पोटभर पी," असं म्हणत त्यांनी अख्खा मग आत ओतला. झाकण नीट लावलं, कुलूप ओढून पाहिलं.

मग त्यांना ती दिसली. रिकामा मग घेऊन ते चवड्यांवर तिच्याजवळ आले आणि कानाशी कुजबुजले, "आला होता का गं तो?"