गुडघ्यापर्यंत

नवरा चित्रकलेच्या शाळेत मॉडेल म्हणून बसायला जायचा. संध्याकाळ उलटली तरी त्याचा पत्ता नाही, म्हणून बायको पायात चपला अडकवून तरातरा थेट वर्गातच शिरली. मुलं केव्हाच पांगली होती. सर एका कागदासमोर हरखून उभे होते आणि नवरा अजून स्टुलावरच होता.

"अहो, उठा की! घरी नाही का यायचं?"

"कसा येऊ? गुडघ्यापर्यंतच झालोय," नवरा ओशाळून म्हणाला.

तिनं कागद पाहिला. खांदे, बरगड्या, मांड्या अगदी हुबेहूब उतरल्या होत्या; गुडघ्यांखाली कोरा कागद. मग तिनं स्टुलाकडे पाहिलं. तिथेही गुडघ्यांखाली काही नव्हतं.

"सर, यांचे पाय काढायचे राहिलेत."

"राहिले नाहीत, सोडलेत," सर डोळे मिटून म्हणाले. "सगळंच रेखाटलं की चित्र मरतं, बाई. अर्धवटपणातच तर खरी गंमत आहे."

"गंमत तुम्हाला! मागे यांचा एक कान सोडलात, त्या बाजूनं कितीही ओरडा, अजून यांच्या डोक्यात काही शिरत नाही."

तिनं सरांच्या हातातली कोळशाची कांडी हिसकावली आणि जमतील तसे दोन पाय रेखाटले. सर कपाळाला हात लावून मटकन खाली बसले.

नवरा उठला, दोन पावलं टाकली आणि अडखळला.

"अगं, दोन्ही डावेच काढलेस!"

"असू द्या. आपलं घर डावीकडेच आहे."