पदरचं वाक्य

प्रसिद्ध नाटककाराची रोजनिशी त्यांच्या पश्चात छापून आली, त्याच दिवशी शालननं दुकानात उभ्या उभ्याच तिची पानं उलटली. तिनं काम केलेल्या त्यांच्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाची तारीख दिसली आणि ते पान वाचून तिनं पुस्तक लगेच विकत घेतलं.

त्या प्रयोगात संवाद विसरल्यामुळे तिनं पदरचं वाक्य ठोकून दिलं होतं. पुढे ते नाटककाराच्या नावावर गाजलं. ते आपलं आहे, हे तिच्या नवऱ्यालाही कधी पटलं नव्हतं.

ती जवळजवळ धावतच घरी आली. पुस्तक नवऱ्यापुढे उघडून म्हणाली, "मोठ्यानं वाचा."

"‘शालननं आज ऐनवेळी घातलेलं वाक्य माझ्या वाक्याहून सरस. छापताना तेच ठेवणार.’"

नवऱ्यानं चष्मा पुसला आणि कुणी न सांगताच पुन्हा वाचलं, या खेपेला शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल असं.