पहिला भेटेल तो

"भिकाऱ्याचं नाव आलं की जरा मोठ्यानं वाचा, फादर," झेनोन म्हणाला. "माझ्या लेकीला ते नीट ऐकायचंय."

चर्चच्या कचेरीत थंडी मी म्हणत होती, आणि म्हाताऱ्याला इथवर आणण्यासाठी त्याच्या लेकीला, हलिनाला, आठवडाभर त्याच्या नाकदुऱ्या काढाव्या लागल्या होत्या. ती घराण्याची वंशावळ लिहीत होती, हे खरंच. पण जीव अडकला होता तो दुसऱ्याच गोष्टीत. ऐंशीला टेकलेला बाप तिला परवा म्हणाला होता, "मेल्यावर मला माझ्या बापाशेजारी पुरू नकोस. भिंतीकडेला कुठंही टाक."

सर्व संतांच्या सणाला सगळं गाव कबरस्तानात दिवे लावायला जाई. झेनोनही जाई. हलिनाच्या आजी-आजोबांची कबर एकच होती, पण तो आपला दिवा मुद्दाम आईच्या बाजूला सरकवून ठेवी. बापाच्या बाजूची पानंसुद्धा झाडत नसे.

कारण काय, तर धर्मपिता. बाप्तिस्म्याला पोराला हातावर धरतो आणि पुढं जन्मभर त्याची पाठराखण करतो, तो माणूस. झेनोनच्या पाठचा भाऊ फेलिक्स, त्याचा धर्मपिता गावचा गिरणीवाला. त्यानं फेलिक्सला बूट दिले, मेंढी दिली. झेनोनचा धर्मपिता होता एक भिकारी. बाप्तिस्मा उरकल्यावर बीटाचं गरम सूप प्यायला आणि गेला तो गेलाच. भांडण झालं की फेलिक्स साऱ्या शाळेसमोर ओरडायचा, "ए भिकाऱ्याच्या लेका!" एकदा झेनोननं बापाला विचारलं. इग्नात्सी लाकडं फोडत होता. मान वर न करता म्हणाला, "तुला तोच बरा." पोरानं ते मनात धरलं ते आजतागायत. घरातला थोरला लेक, आणि त्याच्या वाट्याला भिकारी! नकोसं झालेलं पोर, दुसरं काय!

हलिनाला वेडी आशा होती, की हे सगळं फेलिक्सकाकानं चिडवायला रचलेलं निघेल.

फादर या गावात नवे होते. चष्मा पुसत, बाप्तिस्म्यांच्या वहीतलं जुनं अक्षर लावत ते वाचू लागले. "'इग्नात्सी, शेतकरी, आमच्यापुढे हजर झाला आणि त्यानं आपला मुलगा दाखवला. मुलाचं नाव झेनोन ठेवलं. धर्मपिता मरिअन, भिकारी. आडनाव त्याला स्वतःलाही ठाऊक नाही.'"

"झालं समाधान?" झेनोननं टोपी उचलली. "चल घरी."

"थांबा, पुढं आहे. 'बाप्तिस्म्याला उशीर झाला, कारण पहिला भेटेल तोच धर्मपिता करायचा असा बापाचा हट्ट होता, आणि बर्फामुळे तीन दिवस रस्त्यानं कुणी आलंच नाही.'"

"ऐकलंस? पहिला भेटेल तो!" म्हातारा उसळला. "अगं, माणूस कोंबडी विकतानासुद्धा चार गिऱ्हाइकं बघतो!"

हलिनाचा चेहरा उतरला. उगाच आणलं याला, असं तिला झालं. काहीतरी बोलायचं म्हणून ती बोलली, "फादर, आजोबांच्या नावाचं आणखी काही आहे का बघता? वंशावळीत घालीन."

फादर मागची पानं चाळू लागले.

"मागं काय मिळणार?" झेनोन दारातून म्हणाला. "घरात पहिला मीच."

"पहिले?" फादरांचं बोट एका जागी थांबलं. "तुमच्या आधी चौघं आहेत की."

फादरांनी हळूहळू वाचलं. रोझालिया, धर्मपिता गिरणीवाला. युझेफ, धर्मपिता गिरणीवाला. तेक्ला, गिरणीवाला. स्तानिस्वाव, पुन्हा गिरणीवालाच. त्यांनी कपाटातून दफनांची वही काढली. चौघांचीही नावं तिथं होती. एकानंही वर्ष पाहिलं नव्हतं.

"कमाल आहे," फादर म्हणाले. "गिरणीवाल्यासारखा माणूस दरवेळी उभा राहत होता. मग तुमच्या वडिलांना भिकारी कशाला लागला?"

झेनोन परत आला आणि खुर्ची ओढून बसला. टोपी त्याच्या हातात तशीच होती.

"तुम्ही इकडचे नाही, फादर," तो म्हणाला. आवाज एकदम खाली आला होता. "आमच्याकडे पोरं जगत नसली ना, की बाप पहाटे पोर घेऊन रस्त्यावर उभा राहायचा. ओळखीचे, मानाचे सगळे सोडायचे. देव पहिला ज्याला पाठवेल त्याच्या हातावर पोर द्यायचं. मग ते जगतं, आणि पाठची पोरंही जगतात, म्हणायचे. आणि गेलेल्यांची नावं घरात काढायची नाहीत. मरण ऐकत असतं."

त्यानं टोपी मांडीवर ठेवली. "माझी आजी सांगायची हे सगळं. पण ते दुसऱ्यांचं वाटायचं. मी तर थोरला होतो."

"बाबा," हलिनानं त्याच्या हातावर हात ठेवला.

"तीन दिवस, पोरी," तो म्हणाला. "त्या बर्फात. मला कोटात घेऊन." आणि ज्याला तिनं कधी रडताना पाहिलं नव्हतं तो माणूस फादरांच्या देखत ढसाढसा रडला.

सणाच्या संध्याकाळी कबरस्तान दिव्यांनी भरून गेलं होतं. झेनोन वाकला, गुडघे कुरकुरले तरी वाकलाच, आणि बापाच्या बाजूची ओली पानं हातानं झाडू लागला. हलिना मदतीला पुढं झाली तर तिच्यावर खेकसला, "मला करू दे." दगड स्वच्छ झाल्यावर त्यानं आपला मोठा दिवा तिथं लावला. शेजारी चार लहान दिवे लावले. मग जवळची मोकळी जमीन काठीनं ठोकून दाखवली. "मला इथं ठेवायचं. भिंतीकडेला नाही."

आजूबाजूला अख्खं गाव उभं होतं. झेनोननं टोपी काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला,

"बाबा, मी आलोय. भिकाऱ्याचा लेक."